रबर पिळतं, युरेथेन सरकतं: घरच्या लेथवर सस्पेन्शनचे बुश काढण्याआधी

खड्ड्यात चाक गेलं की खालून एक बोथट 'ठक' ऐकू येतो. ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढतं. टायर आतल्या कडेनं झिजायला लागतात. मेकॅनिक गाडी वर घेतो, पहार लावून आर्म हलवून बघतो आणि सांगतो, "बुश गेलेत." गाडी नवी असेल तर विषय तिथेच संपतो. पार्ट मागवायचा, बसवायचा. पण गाडी तीस वर्षांची असेल आणि कंपनीनं तिचे पार्ट बनवणं कधीच थांबवलं असेल, तर मालकाची पंचाईत होते. सुटा बुश मिळत नाही, आणि मिळालाच तर वर्षानुवर्षं पुडक्यात पडून न वापरताच कडक झालेला असतो.

अशा वेळी कुणीतरी हमखास युरेथेन (पॉलियुरेथेन, म्हणजे रबरासारखं पण त्याहून कडक प्लास्टिक) आणि लेथ (तुकडा फिरवत ठेवून तो गोल कातायचं यंत्र) यांचं नाव काढतं, "युरेथेनचा दांडा आण आणि लेथवर काढून टाक. त्यात काय आहे?"

त्यात बरंच काही आहे, पण ते लेथवर नाही. हत्यार चालवणं सरावानं जमतं. खरी मेख ही की मूळचा बुश ज्या तऱ्हेनं काम करत होता, त्या तऱ्हेनं हा नवा बुश काम करणारच नाही. दोघे एकाच जागी बसतात, दिसतात सारखे, आणि वागतात निराळे. हा फरक डोक्यात पक्का बसला की मापं, ग्रीस, कोणत्या जागी लावायचा आणि कुठे नाही, हे सगळं त्यातूनच उलगडत जातं.

बुश नेमकं करतो काय?

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे जे दांडे असतात त्यांना आर्म म्हणतात. चाक वरखाली झालं की आर्म आपल्या दुसऱ्या टोकाशी बिजागरीसारखा हलतो. त्या बिजागरीच्या जागी बसवलेला मऊ तुकडा म्हणजे बुश. आर्मच्या ज्या गोल भोकात तो बसतो, त्याला या लेखात बुशचं घर म्हणू.

कारखान्यातून येणाऱ्या साध्या बुशला तीन थर असतात. मधोमध पोलादी नळी, तिला स्लीव्ह म्हणतात. बाहेर पोलादी कवच. दोघांच्या मध्ये रबर, आणि हे रबर आत स्लीव्हला व बाहेर कवचाला कायमचं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की स्लीव्ह दोन ब्रॅकेटांच्या, म्हणजे सांगाड्यावरच्या पत्र्याच्या कानांच्या, मध्ये अशी दाबली जाते की ती फिरूच शकत नाही. कवच तर आर्ममध्ये ठोकून बसवलेलंच असतं.

मग आर्म हलतो तेव्हा फिरतं काय? काहीच फिरत नाही. रबर पिळलं जातं. आर्म दहा अंश वर गेला तर रबराची बाहेरची बाजू दहा अंश जाते, आतली जागच्या जागी राहते, आणि मधलं रबर ओल्या फडक्यासारखं तेवढा पीळ सोसतं. चाक खाली आलं की पीळ सुटतो. कुठेही घासाघीस नाही, म्हणून तेलपाणी नको, आवाज नाही, आणि बुश वर्षानुवर्षं विसरून जाता येतो. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांच्या मदतीनं रबर पक्कं करण्याची रीत सापडली नसती, तर हा पीळ काही दिवसांतच रबर फाडून मोकळा झाला असता.

याच पिळामुळे एक नियम येतो आणि तो फार वेळा मोडला जातो. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर, चाक खाली लोंबतंय, अशा स्थितीत आवळला तर गाडी खाली टेकवताक्षणी रबर पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही चोवीस तास पिळलेलंच राहतं. असा बुश लवकर फाटतो, आणि दोष बिचाऱ्या रबराला मिळतो. तुमच्या गाडीचे बुश वारंवार जात असतील तर युरेथेनच्या मागे लागण्याआधी मेकॅनिक बोल्ट कधी आवळतो, ते एकदा पाहा.

रबर पिळतं, युरेथेन सरकतं

पॉलियुरेथेन हा पदार्थ 1937 मध्ये जर्मनीत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. (बायर कंपनीच्या संस्थापकाशी त्यांचं नातं नव्हतं, आडनाव तेवढं तेच.) त्यातून फोम बनतो, रंग बनतो, बुटाचे तळ बनतात, आणि ओतीव दांडेही बनतात. आपल्याला हवा असतो तो हा ओतीव दांडा. घासणीला तो रबरापेक्षा दणकट असतो, तेलाला सहसा दाद देत नाही, आणि रबरासारखा लवकर तडकत नाही.

पण घरी कातलेला युरेथेनचा तुकडा कशालाच चिकटलेला नसतो. तो बुशच्या घरात दाबून बसवलेला असतो आणि त्याच्या भोकात स्लीव्ह सरकवलेली असते. आर्म हलला की युरेथेन पिळलं जात नाही, ते स्लीव्हभोवती घसरत फिरतं. म्हणजे रबरी बुश ही एक स्प्रिंग होती, आणि तिच्या जागी आपण एक मऊसर बेअरिंग बसवतो आहोत.

याचे काही परिणाम चांगले आहेत. पीळच नाही, त्यामुळे बोल्ट गाडी वर असतानाही आवळता येतो. रबराचा पीळ स्प्रिंगच्या कामात किंचित भर घालत असतो, तीही जाते आणि आर्म मोकळा हलतो. पण बेअरिंग आलं की बेअरिंगच्या गरजाही आल्या: गुळगुळीत स्लीव्ह, वंगण, नेमकं माप. आणि बेअरिंग एकाच अक्षाभोवती फिरतं, ही त्याची मोठी मर्यादा.

90 म्हणजे किती कडक?

रबर आणि युरेथेनचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. एक बोथट टोक ठरावीक जोरानं पदार्थात रुतवायचं आणि ते किती कमी रुतलं त्यावरून 0 ते 100 मधला आकडा काढायचा. गाडीच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण 60 ते 70 असतो. कारखान्यातले रबरी बुशही ढोबळमानानं 50 ते 70 च्या घरात. युरेथेनचे बुश बहुधा 80 ते 95. स्केटबोर्डची चाकं हातात घेऊन पाहिली असतील तर याच टापूतला कडकपणा तुम्हाला माहीत आहे.

हा आकडा मात्र फसवा आहे. 60 वरून 90 म्हणजे दीडपट, असं वाटतं. प्रत्यक्षात दाबाला होणारा विरोध 60 वरून 80 ला गेलं की अंदाजे अडीचपट होतो आणि 90 ला पाच-सहापट. वरच्या टोकाला एकेक पायरी उंच उंच होत जाते.

आणि कडकपणा फक्त पदार्थाचा नसतो, आकाराचाही असतो. स्पंज दाबला की त्यातली हवा निघून जाते आणि तो लहान होतो. युरेथेन भरीव आहे. त्याचं आकारमान जवळजवळ बदलतच नाही. पाणी भरलेल्या फुग्यासारखं ते इथे दाबलं की तिथे फुगतं. फुगायला जागाच ठेवली नाही तर ते दगडासारखं वागू लागतं. स्लीव्ह आणि घर यांच्यातली भिंत पातळ असेल आणि दोन्ही बाजूंना कॉलर, म्हणजे टोपीसारख्या बाहेर आलेल्या कडा, असतील, तर 80 च्या युरेथेनचा बुशही कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी ताठ निघतो.

म्हणून पहिल्या प्रयत्नाला 95 चा दांडा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शर्यतीच्या गाडीला तो शोभतो, कारण तिथे आवाज आणि हादरे कुणी मोजत नाही. रोजच्या गाडीत तो नाकापेक्षा मोती जड अशातला प्रकार होतो. 80 च्या आसपास सुरुवात करा. आणि रंगावरून कडकपणा ओळखायला जाऊ नका, प्रत्येक उत्पादक आपापले रंग वापरतो. दांड्यासोबत शोअर आकडा लिहून मिळत नसेल तर तो दांडा घेऊ नये. खरेदी करताना पॉलिईथर जातीचं आहे की पॉलिएस्टर, हेही विचारा. पॉलिएस्टर घासणीला आणि तेलाला जास्त चांगलं, पण उष्ण ओलाव्यात ते हळूहळू कुजतं. गाडीच्या पोटाखाली पाणी-चिखल कायमचाच, म्हणून बुशला पॉलिईथर बरं.

सगळ्या जागा सारख्या नसतात

लेथ सुरू करण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम इथे आहे, आणि बहुतेक लोक नेमकं तेच वगळतात.

दाराची बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. खांद्याचा सांधा चहूबाजूंनी वळतो. रबरी बुश वरवर बिजागरी दिसतो, पण त्याच्यात थोडासा खांदाही असतो. आर्म तिरका झाला, थोडा मागे ओढला गेला, पिळला, तरी रबर ते सगळं निमूट सहन करतं. युरेथेनच्या बुशला फक्त बिजागरी होणं जमतं.

आता असा आर्म घ्या, ज्याची दोन टोकं एकमेकांशी तिरकी हलतात. उदाहरण द्यायचं तर मागचा अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा आस) चार दांड्यांवर टांगलेला असतो आणि वरचे दोन दांडे तिरके लावलेले असतात, ती रचना. 1979 ते 1993 या काळातल्या फोर्ड मस्टँगमध्ये हीच होती. गाडी एका अंगाला झुकली की या चार दांड्यांचे मार्ग एकमेकांशी जुळत नाहीत. रबर ती तफावत पोटात घालतं. तिथे सगळीकडे कडक युरेथेन घातलं तर सस्पेन्शन अडकतं, मागची चाकं वळणावर अचानक पकड सोडतात, आणि जो जोर रबर गिळत होतं तो थेट ब्रॅकेटच्या पत्र्यावर येतो. पत्रा काही एका दिवसात तडकत नाही. महिनोन् महिने वाकत राहतो आणि मग तडकतो.

दुसरा प्रकार याहून नाजूक आहे. जुना बुश काढल्यावर रबरात चंद्रकोरीसारख्या पोकळ्या दिसल्या तर त्या काटकसरीसाठी ठेवलेल्या नसतात. पुढच्या खालच्या आर्मच्या मागच्या बुशमध्ये त्या बऱ्याचदा आढळतात. चाक खड्ड्यात आदळलं की थोडं मागे सरकावं म्हणून पुढे-मागे मऊ, आणि वळणावर हलू नये म्हणून आडवा ताठ, असा तो बुश मुद्दाम घडवलेला असतो. पोर्शच्या 928 मध्ये, म्हणजे 1977 मध्ये जगासमोर आलेल्या गाडीत, हा मऊपणा चक्क सुकाणूसारखा वापरला होता. भर वळणात चालकानं घाबरून पाय उचलला तर मागची चाकं बाहेरच्या ऐवजी किंचित आत वळावीत आणि गाडी सावरावी, अशी तिच्या मागच्या सस्पेन्शनची मांडणी होती. अशा जागी भरीव गोल युरेथेन ठोकणं म्हणजे कुणीतरी अभ्यासानं ठेवलेली सुरक्षितता आपल्या हातानं काढून टाकणं. आतमध्ये द्रव भरलेले बुशही याच वर्गातले, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

परीक्षा सोपी आहे. गाडी भक्कम स्टँडवर ठेवा, कॉइल स्प्रिंग असेल तर ती योग्य हत्यारानंच उतरवा, आणि आर्म हातानं पूर्ण वर-खाली करून पाहा. तो बोल्टभोवती निव्वळ गोल फिरतो आहे का? असेल तर जागा चांगली. कुठे तिरका होतो, कुठे पिळतो आहे? मग तिथे रबरच राहू द्या. शॉक ॲब्सॉर्बरच्या टोकाचे आणि अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांडीच्या) लिंकचे छोटे बुश सुरुवातीला उत्तम. त्यांच्यात चूक झाली तर आवाज येतो, चाकाची दिशा बदलत नाही.

लेथवर: कापायला जावं तर पळतं

पोलाद कापताना काम स्थिर असतं आणि टूल त्याच्यात घुसतं. युरेथेन टूलसमोरून मागे सरतं, टूल पुढे गेलं की परत येतं. बोथट ब्लेडनं खोडरबर कापून पाहिलं असेल तर हे कळेल: खोडरबर आधी दबतं, मग फाटतं, आणि कापलेली बाजू खडबडीत येते. नव्या कोऱ्या ब्लेडनं तेच काम सुरेख होतं.

म्हणून धार हीच इथे सगळी विद्या आहे. टूलच्या टोकाला लावायच्या तयार कार्बाइडच्या टिपा बहुतेक बोथट कडेच्या असतात, त्या पोलादासाठी. इथे हायस्पीड स्टीलचं टूल घ्यावं, त्याचा वरचा उतार भरपूर ठेवावा, धारेखालचा भागही मोकळा ठेवावा, आणि ऑइलस्टोनवर अशी धार लावावी की कागद सरळ चिरला जाईल. लाकूड कातणाऱ्या कातारीच्या पटाशीशी या टूलचं नातं जास्त जवळचं. हे टूल पोलादाला एकदाही लावू नये.

पकडण्याचा प्रश्न त्याहून मोठा. तीन जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, युरेथेन आवळलं की ते तीन ठिकाणी दबतं. त्या अवस्थेत तुम्ही भोक अगदी गोल करता. चक सैल करता, दबलेले भाग फुगून मूळ जागी येतात, आणि गोल भोक त्रिकोणी होऊन बसतं. उपाय असा की जबडे आणि युरेथेन यांच्यामध्ये उभी चीर दिलेली नळी घालायची, म्हणजे दाब सगळीकडे वाटला जातो. भोक पाडून झालं की तुकडा मँड्रेलवर चढवायचा. मँड्रेल म्हणजे भोकाच्या मापाचा पोलादी दांडा. दोन्ही बाजूंना वॉशर लावून हलकेच आवळायचं, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा (लेथच्या न फिरणाऱ्या टेकूचा) आधार द्यायचा, आणि मग बाहेरचा व्यास कातायचा. आतून आधार मिळाला की पळणारं युरेथेन बरंच शहाण्यासारखं वागतं. ड्रिलनं पाडलेलं भोक नेहमी ड्रिलपेक्षा लहान निघतं, कारण ड्रिल गेल्यावर युरेथेन परत मिटतं. त्यामुळे शेवटचं माप ड्रिलनं नव्हे, बोअरिंग टूलनंच, म्हणजे भोक आतून कातणाऱ्या हत्यारानंच, गाठायचं.

कापलेली चीप तुटत नाही, लांबलचक फीत निघते आणि चकभोवती गुंडाळते. ती हातानं ओढू नका. लेथ थांबवा, मग काढा. हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातलं काहीही लेथजवळ नको. मोजा अडकला तर लेथ हात ओढून घेतं.

उरली उष्णता. पोलादातून ती भराभर वाहून जाते, युरेथेनमध्ये ती कापाच्या जागीच साचते, कारण पोलादाच्या तुलनेत युरेथेन उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतं. वर तापल्यावर ते पोलादाच्या दहापटींहून अधिक प्रसरण पावतं. माझा पहिला बुश असाच वाया गेला. संध्याकाळी लेथवरच व्हर्निअरनं (जबड्यांच्या मोजपट्टीनं) मोजला तेव्हा माप नेमकं 40 मिमी. सकाळी मोजला तर 39.85, आणि बुशच्या घरात टाकला तर सुळकन खाली. हिशेब अगदी साधा होता: 40 मिमी व्यास 25 अंशांनी तापला की सुमारे 0.15 मिमी फुगतो, आणि मी फुगलेलं माप खरं मानलं होतं. तेव्हापासून शेवटचा काप घेण्याआधी तुकडा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत मी लेथपासून दूर जाऊन बसतो. मोजतानाही व्हर्निअरचे जबडे दाबायचे नाहीत. नुसता स्पर्श पुरे, नाहीतर आपण युरेथेन नाही, आपल्या अंगठ्याचा जोर मोजत असतो.

मऊ दांडा कापतच नसेल तर गोठवण्याची युक्ती आहे. घरातल्या फ्रीझरच्या उणे 18 अंशांत थोडा फरक पडतो. कोरड्या बर्फानं (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडनं), म्हणजे उणे 78 अंशांनी, चांगलाच पडतो. पण कोरडा बर्फ हाताळायला जाड मोजे आणि उघडी हवा लागते, आणि ते मोजे लेथपाशी येण्याआधी काढून ठेवावे लागतात. गोठलेला तुकडा आकसलेला असतो, म्हणून त्यावर फक्त मोठे काप घ्यायचे. माप गरम तुकड्यावर चुकतं तसं थंडावरही चुकतं.

0.2 मिमीचं गणित

बुश घरात घट्ट बसावा म्हणून त्याचा बाहेरचा व्यास घरापेक्षा थोडा मोठा ठेवतात. समजा घर 40 मिमी, बुश 40.2 मिमी, मधलं भोक 20 मिमी. बुश दाबून बसवला. आता भोक किती उरलं?

पाण्याच्या फुग्याची आठवण करा. बाहेरून दाबलेलं युरेथेन नाहीसं होत नाही. लांबीकडे कॉलर अडवतात, म्हणून ते मुख्यतः आत, भोकाकडे सरकतं. बाहेरचा घेर आतल्या घेराच्या दुप्पट आहे. त्यामुळे बाहेरून 0.2 मिमी आवळलं तर भोक जवळपास 0.4 मिमी लहान होतं. थोडंसं युरेथेन टोकांकडून बाहेर पडतं, पण गणिताचा कल हाच.

याचा अर्थ असा, की टेबलावर स्लीव्ह ज्यात सुरेख सरकत होती, तोच बुश घरात गेल्यावर तिला आवळून धरतो. मग आर्म जड हलतो, युरेथेन अडकत-सुटत फिरतं आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर कुरकुरते. घरी काढलेल्या बुशांचा जो बदलौकिक आहे, त्याचं मोठं कारण हे एवढं गणित न केलेलं असणं, असं मला वाटतं.

यावरचा उपाय मला फार आवडतो. घराच्या अगदी त्याच व्यासाची एक पोलादी कडी लेथवर काढा. बुशचं भोक आधी स्लीव्हपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं लहान ठेवा, मँड्रेलवर चढवून बाहेरचा व्यास घरापेक्षा 0.1 ते 0.2 मिमी मोठा काता, आणि मग बुश त्या कडीत दाबून बसवा. आता चकमध्ये कडी पकडा. कडी पोलादाची, त्यामुळे जबड्यांचा दाब युरेथेनपर्यंत पोचत नाही आणि भोक त्रिकोणी होत नाही. या दाबलेल्या अवस्थेतच भोकाचं शेवटचं माप गाठा. ग्रीस लावलेली स्लीव्ह अंगठ्यानं ढकलली तर जाईल आणि सोडली तर आपोआप पडणार नाही, इतपत. कडीतून काढल्यावर हाच बुश हातात ढिला लागेल. घाबरू नका, घरात गेला की पुन्हा बरोबर होतो.

स्लीव्ह, कॉलर आणि ग्रीस

बुश एकाच तुकड्यात करायची गरज नसते. टोपीच्या आकाराचे दोन अर्धे करायचे आणि दोन बाजूंनी घरात सरकवायचे, हे सोयीचं. टोपीची कड म्हणजे कॉलर. कॉलर आणि दंडगोल जिथे मिळतात त्या कोपऱ्यात थोडी गोलाई ठेवा. धारदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते.

स्लीव्हची लांबी हे अत्यंत जपायचं माप आहे. दोन कॉलरांच्या बाहेरच्या बाजूंमधल्या अंतरापेक्षा ती एक-दोन दशांश मिलिमीटर जास्त हवी. बोल्ट आवळला की ब्रॅकेट स्लीव्हवर टेकले पाहिजेत, युरेथेनवर नाही. स्लीव्ह आखूड पडली तर बोल्ट युरेथेनलाच चिरडतो, आर्म जखडतो, शिवाय बोल्टला खरा ताण मिळत नाही आणि तो सैल पडू शकतो. स्लीव्ह शक्यतो स्टेनलेस स्टीलची करावी आणि बाहेरून आरशासारखी पॉलिश करावी. साध्या पोलादाला गंज चढला की तो गंज पॉलिश पेपरसारखा युरेथेन घासून काढतो.

ग्रीस सिलिकॉनचं आणि चिकट, पाण्यानं न धुपणारं घ्यावं. ते टिकून राहावं म्हणून भोकाच्या आत उथळ मळसूत्री खाच काढली तर बुश बराच काळ गप्प राहतो.

जुनं रबर काढताना ते जाळू नका. धूर विषारी असतो. ड्रिलनं पोखरून काढायला वेळ लागतो, लागू द्या. जुनं कवच ठेवायचं की काढायचं, हे नव्या बुशच्या भिंतीला किती जाडी मिळते त्यावर ठरवा. मला जाड भिंत नेहमीच पसंत.

"मग साच्यात ओतूनच का करू नये?"

दोन द्रव मिसळून साच्यात ओतले की तयार, असं ते वाटतं. पण या रसायनांतल्या आयसोसायनेटमुळे दम्यासारखा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वाफेचाही त्रास होतो. कडक युरेथेन घट्ट करण्यासाठी उद्योगात वापरलं जाणारं मोका नावाचं रसायन माणसात कर्करोग घडवणारं म्हणून वर्गीकृत आहे. कारखान्यात त्यासाठी हवा खेचणारी यंत्रणा असते. तयार, पूर्ण पक्का झालेला दांडा कातताना हा धोका नसतो, फक्त तो जळू देऊ नये. जळणाऱ्या युरेथेनमधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतात. कापताना धूर दिसला तर टूल बोथट झालंय. लेथ थांबवा, दार उघडा, धार लावा.

थ्रीडी प्रिंटरवर लवचिक युरेथेन छापता येतं आणि आकार तपासण्यासाठी त्याचा नमुना करणं ही चांगली कल्पना आहे. पण ते थरांवर थर चढवून बनतं, आणि बुशवर येणारा जोर थर सुटण्याच्या दिशेनंही येतो. भार घेणाऱ्या जागी मी ते वापरणार नाही.

"इतकं चांगलं असेल तर कंपनीनं का नाही लावलं?"

कारण कंपनीला असा बुश हवा असतो जो बसवला की कुणी पुन्हा बघणार नाही. युरेथेनच्या बुशला ग्रीस लागतं, तो रस्त्याचा आवाज जास्त आत सोडतो, आणि निष्काळजीपणे बसवला तर कुरकुरतो. रबर या तिन्ही बाबतीत सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. चांगलं ताजं रबरी बुश मिळत असेल तर रोजच्या गाडीसाठी मी तेच घेईन. घरी काढलेला युरेथेन बुश योग्य ठरतो तो रबरी मिळतच नसेल तेव्हा, किंवा गाडीचा वापरच असा असेल की नेमकेपणापुढे थोडा आवाज चालतो. आणि एक्झॉस्टच्या अगदी जवळची जागा असेल तर तेव्हाही नाही. साधारण 80 अंशांच्या पुढे सतत राहिलं की युरेथेन मऊ पडत जातं.

"धोका किती?"

बुश स्वतः सहसा एका क्षणात तुटत नाही. तो हळूहळू झिजतो आणि आवाज करून सांगतो. धोका आहे तो अडकलेल्या आर्मचा, आखूड स्लीव्हमुळे सैल पडलेल्या बोल्टचा आणि चुकीच्या जागी घातलेल्या कडकपणाचा. या तिन्ही गोष्टी गाडी रस्त्यावर नेण्याआधीच तपासता येतात. बोल्ट टॉर्क रेंचनं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) ठरलेल्या टॉर्कला आवळा. स्प्रिंग नसताना आर्म त्याच्या वजनानं हळूहळू खाली यायला हवा. जिथे सोडला तिथेच लटकून राहिला तर भोक घट्ट आहे, बुश परत कडीत घालून भोक थोडं मोठं करा. मग चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घ्या. मऊ पडलेल्या रबराच्या हिशेबानं केलेलं जुनं अलाइनमेंट आता लागू नाही. आणि वाहनात बदल करण्याबाबत तपासणीचे आणि विम्याचे नियम काय सांगतात, तेही आधीच वाचा.

पहिले 500 किलोमीटर

बुश बसवून झाला, गाडी चाकांवर उभी राहिली, की पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. ब्रॅकेटपासून कॉलरवरून पुढे आर्मपर्यंत, सलग. 500 किलोमीटर चालवल्यावर खाली वाकून ती रेघ पाहा. कॉलरवरची आणि आर्मवरची रेघ अजून एका ओळीत असेल, तर युरेथेन घरात घट्ट आहे आणि फिरणं जिथे व्हायला हवं तिथे, स्लीव्हवर, होतं आहे. कॉलरवरची रेघ आर्मच्या रेघेपासून सरकलेली दिसली, तर बुश घरात फिरतो आहे आणि स्लीव्ह त्याला धरून बसली आहे. असाच चालू ठेवला तर तो घराची आतली बाजू झिजवेल, आणि झिजलेलं घर म्हणजे अख्खा आर्म गेला. अशा वेळी बुश काढा, भोक अर्ध्या दशांश मिलिमीटरनं मोठं करा, बाहेरचा व्यास घराच्या मानानं पुन्हा तपासा, ग्रीस लावून बसवा, आणि रेघ नव्यानं ओढा.